हवाईचा वारा घरात: मुख्य भूमीवरच्या घरासाठी चाफा, टी-लीफ, लेई, पोई आणि इतर

पागोळी

अमेरिकेच्या मुख्य भूमीवर, त्यातही सहा महिने हीटर चालणाऱ्या गावात राहून हवाई बेटांवरचं राहणं घरात थोडं उतरवायचं असेल तर काय करता येतं, याची नेमकी माहिती मराठीत एका जागी असावी म्हणून हा धागा काढते आहे. ज्याला जे येतं ते त्यानं प्रमाणासकट लिहावं. काय बिघडतं आणि का बिघडतं, हेही लिहावं.

सुरुवात काय आणू नये यापासून करते. पार्टीच्या दुकानात 'हवाईयन' म्हणून मिळणारं बरंच सामान हवाईचं नसतंच. लाकडी मुखवटे, बांबूचा बार, छत्री खोचलेली पेयं हा टिकी प्रकार १९३३ साली हॉलिवूडमधल्या एका बारपासून वाढला. हे मुखवटे ज्यांची नक्कल करतात ते हवाईत 'कीइ', म्हणजे देवांच्या मूर्ती. आपल्या मारुतीची मूर्ती कुणी गुत्त्यात शोभेला मांडली तर आपल्याला जसं वाटेल तसंच तिथल्या माणसांना वाटतं, म्हणून ते मुखवटे घरात नकोत. गवताचा घागराही मूळ तिथला नाही, तो गिल्बर्ट बेटांकडून आला. हवाईचा घागरा टी-लीफच्या हिरव्या पानांचा (हा चहा नव्हे, 'टी' नावाचं लांब पानांचं झाड). आणि ज्वालामुखी उद्यानातले दगड किंवा किनाऱ्यावरची वाळू आठवण म्हणून उचलू नका, तिथे ते कायद्यानंच बंद आहे.

आता काय आणावं. हवाईच्या घराचा जीव लानाइत असतो. लानाइ म्हणजे आपली पडवीच: डोक्यावर छप्पर, तीन बाजूंनी वारा, बसायला ठेंगणी आसनं. आपल्या बाल्कनीला हे रूप द्यायचं तर आधी वारा कुठून येतो ते बघा. ज्या बाजूनं वारा येतो तिकडची एक खिडकी आणि समोरच्या बाजूची दुसरी, अशा दोन एकदम उघडल्या तरच घरातून झुळूक वाहते. एकाच भिंतीतल्या दोन खिडक्या उघडून फारसं काही होत नाही. हवाईत ईशान्येकडून व्यापारी वारे बहुतेक वर्षभर वाहतात, त्यामुळे घराची दिशा एकदा ठरवली की झालं. मुख्य भूमीवर ऋतूप्रमाणे वारा फिरतो, म्हणून जून महिन्यात उदबत्ती लावून धूर कुठे ओढला जातो ते पाहा आणि खुर्च्या त्या रेषेत मांडा. दिवे २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, भिंतीवर किंवा जमिनीवर. छताला एकच पांढरा झगझगीत दिवा असेल तर बाकी सगळं केलेलं फुकट जातं.

दाराबाहेर चपला काढायची जागा हवाईतही असतेच, ती आपल्याकडे तयार आहे. आता झाडांवर कुणीतरी लिहा.

कुंडीवाला

झाडांत पहिला मान चाफ्याचा. हवाईत ज्याला प्लुमेरिया म्हणतात तो आपला देवळाच्या आवारातला पांढरा चाफा, खुरचाफा. झाड मूळचं उष्ण अमेरिकेतलं. हवाईत ते १८६० साली विल्हेल्म हिलेब्रांड या वनस्पतीप्रेमी डॉक्टरानं आणलं. सुरुवातीला तिथेही ते कबरस्तानात लावायचे, म्हणून जुन्या पिढीतली माणसं ती फुलं गळ्यात घालायला कचरायची. आपल्याकडेही चाफा स्मशानाच्या वाटेवर दिसतोच. लेईसाठी, म्हणजे गळ्यात घालायच्या फुला-पानांच्या माळेसाठी, तिथे सगळ्यात जास्त वापरतात ते पिवळं 'सेलाडीन'. ते टिकतं आणि वास गोड लिंबासारखा. थंड गावासाठी हेच घ्या. 'सिंगापूर' नावाचा सदाहरित चाफा घेऊ नका, तो हिवाळी झोप नीट घेत नाही आणि अंधाऱ्या घरात सडतो.

फांदी १२ ते १८ इंचांची, राखाडी आणि टणक सालीची घ्या. हिरवी कोवळी फांदी कुजते. हवाईहून आणत असाल तर तपासणीचा शिक्का असलेलीच आणा. मातीसकट झाड आणता येत नाही.

लावताना:

कापलेलं तोंड सावलीत, हवेशीर जागी १० ते १४ दिवस सुकू द्या. त्यावर खपली धरली पाहिजे, बोट लावलं की कोरडं आणि कडक लागलं पाहिजे. घाई केली तर त्याच तोंडातून बुरशी आत शिरते.

कुंडी एक गॅलनची, तळाला भोकं. मिश्रणात दोन भाग पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे), एक भाग कुंडीची माती. फांदी ३ ते ४ इंच खोल पुरा आणि काठीला बांधा, कारण हलली तर नव्या मुळ्या तुटतात.

एकदा पाणी द्या आणि मग हात आवरा. मातीला ऊब लागते, २४ ते २९ अंश सेल्सियस. मे महिन्याआधी लावत असाल तर कुंडीखाली रोपांची गरम चटई ठेवा.

मुळ्यांना सहा ते आठ आठवडे लागतात. पानं ४-५ इंचांची झाल्यावरच नियमित पाणी सुरू करा.

चीक हाताला लागला तर खाज येते, डोळ्यात गेला तर फारच त्रास होतो. हातमोजे घाला.

गारठा

फांदीला तीन पानं आली, फुलाचा दांडाही दिसतोय, पण धरून हलवली की कुंडीत डुलते. म्हणजे काय?

कुंडीवाला

गारठा, म्हणजे मुळ्या नाहीत. चाफ्याच्या खोडात साठा भरपूर असतो, त्यावर तो पानं आणि फुलंसुद्धा काढतो. पानं दिसली म्हणून लोक पाणी घालतात आणि फांदी बुडातून जाते. फुलाचा दांडा खुडून टाका, तो साठा मुळ्यांकडे जाऊ दे. बूड दाबून बघा. कडक असेल तर काठी घट्ट बांधून नुसतं थांबा. मऊ, काळपट लागलं तर उपटा आणि धारदार सुरीनं वर वर कापत जा. आतला गर शुभ्र दिसला आणि चीक वाहायला लागला की थांबा. मग पुन्हा खपली, पुन्हा तेच सगळं. सुरी प्रत्येक कापाला स्पिरिटनं पुसायची, नाहीतर तीच सड वर नेते.

हिवाळ्याचंही इथेच लिहितो. रात्रीचं तापमान १० अंशांखाली (५० फॅरनहाइट) जायला लागलं की कुंडी आत. पानं पिवळी पडून गळतात, ती गळू द्या. १० ते १५ अंशांच्या गॅरेजात किंवा तळघरात, पाणी बंद. खोड थोडं सुरकुततं ते ठीक. मऊ पडलं तर सड. वसंतात बाहेर काढताना आधी आठवडाभर सावली, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण ऊन. एकदम उन्हात ठेवलं की साल भाजते आणि तिथे कायमचा डाग राहतो.

फुलं का येत नाहीत हा नेहमीचा प्रश्न. तीन कारणं. रोज सहा तासांपेक्षा कमी ऊन. नत्र जास्त असलेलं हिरवळीचं खत, ज्यानं पानं हातभर होतात पण दांडा निघत नाही. आणि हिवाळ्यात केलेली छाटणी. फूल फांदीच्या टोकालाच येतं. टोक कापलं की त्या वर्षाचं फूल गेलं. पानांच्या मागे नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा, ती पानं काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

निशिगंध

चाफ्यावर इतकं लिहिलंत आणि मोगरा राहिला! हवाईत 'पिकाके' म्हणतात तो आपला मोगराच. पिकाके म्हणजे मोर. राजकन्या काइउलानीला (१८७५ ते १८९९) मोरही आवडायचे आणि ही फुलंही, त्यावरून नाव पडलं. तिथल्या नवरीच्या गळ्यात पिकाकेच्या कळ्यांचे सर असतात. आपल्या गजऱ्यासारख्याच मिटलेल्या कळ्या ओवतात.

कुंडीत लावायचा तर माती थोडी आम्ल हवी. ज्या गावांत नळाचं पाणी जड आहे तिथे नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. शेणखत घालून ती जात नाही, चिलेटेड आयर्न (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) पाण्यात मिसळून द्यावं लागतं. प्रत्येक बहर संपला की फांदी एक तृतीयांश छाटा, कारण मोगरा नव्या फुटीवर कळी धरतो. इथे चाफ्याच्या बरोबर उलट आहे, दोन्ही झाडांना एकच कात्री चालवू नका. हिवाळ्यात दक्षिणेकडच्या खिडकीत, हीटरच्या झोतापासून लांब.

तुळशीवृंदावन

टी-लीफच्या पानांची टोकं तपकिरी होऊन वाळतात. पाणी जास्त होतंय की कमी?

कुंडीवाला

दोन्ही नाही. बहुतेक फ्लोराइड. टी-लीफ (हवाईत 'की', नर्सरीत कॉर्डिलाइन) या बाबतीत फार हळवं आहे. अमेरिकेत नळाच्या पाण्यात बऱ्याच गावी फ्लोराइड घालतात. ते मुळांतून वर चढतं आणि पानाच्या टोकाला साठतं, म्हणून टोक आधी जळतं. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडतो, फ्लोराइड नाही. उकळून तर ते उलट दाट होतं. साध्या जगच्या कोळशाच्या फिल्टरनं फारसा फरक पडत नाही. आरओचं, डिस्टिल्ड किंवा पावसाचं पाणी द्या. बर्फ वितळवून खोलीच्या तापमानाला आणला की तोही चालतो, फक्त मीठ टाकलेल्या रस्त्याकडेचा नको.

आणखी एक: चाफ्याच्या मिश्रणात मी पर्लाइट सांगितलं, ते टी-लीफला घालू नका. त्यातही फ्लोराइड असतं. सुपर फॉस्फेट खतातही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि झाडाची साल यांचं मिश्रण करा. जळलेली टोकं पुन्हा हिरवी होत नाहीत, कात्रीनं पानाच्या आकारात कापून टाका आणि नवी पानं बघा.

विमानतळावर मिळणारे टी-लीफचे ओंडके ३-४ इंचांचे असतात. ते ओल्या कोकोपीटमध्ये आडवे, अर्धे बुडतील असे ठेवा. उभे लावायचे तर खालची बाजू खालीच गेली पाहिजे. आडव्यात ती चूक होत नाही. चार ते सहा आठवड्यांत डोळे फुटतात. हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी पडतो: पानामागे बारीक जाळी, वर फिकट ठिपके. आठवड्याला एकदा झाड न्हाणीघरात नेऊन पानं खालून धुवा, बहुतेक वेळा एवढंच पुरतं. घरात मांजर-कुत्रं असेल तर उंचावर ठेवा, टी-लीफ त्यांना विषारी आहे.

सुईदोरा

लेईवर लिहिते. ज्यांना गजरा किंवा वेणी करता येते त्यांचा अर्धा हात बसलेलाच आहे. हवाईत प्रकारांना नावं आहेत: सुईनं ओवायची ती 'कुइ', फुलं-पानं दोऱ्यानं आधारावर गुंडाळत जायची ती 'विली', पेड घालत मध्ये फुलं अडकवायची ती 'हाकू', दोन पदर पिळून करायची ती 'हिलो'. गोव्यातली अबोलीची फाती केळीच्या सोपाच्या दोऱ्यात गुंफतात, तो हात 'विली' आणि 'हाकू'च्या फार जवळचा.

मुख्य भूमीवर सगळ्यात सोपी ऑर्किडची कुइ. डेन्ड्रोबियम ऑर्किड घाऊक फुलवाल्याकडे बारा महिने मिळतं. एका दांड्यावर ८-१० फुलं, एका लेईला साधारण ५०, म्हणजे सहा दांडे, वर एक जास्तीचा. लेईची लांबी ३६ ते ४० इंच. दोरा १०० इंच कापून दुहेरी करा, म्हणजे दोन्हीकडे गाठीला पुरेसा राहतो. मेण लावलेला दातांचा दोरा उत्तम, घसरत नाही आणि फुलाला कापत नाही. सुई लांब हवी, निदान ६ इंच. शिवणाच्या सुईवर एकावेळी एकच फूल बसतं आणि बोटांच्या उबेनं ते मलूल होतं.

फुलं दांड्यावरून खुडली की दहा मिनिटं गार पाण्यात सोडा, मग टॉवेलवर पालथी. सुई फुलाच्या तोंडातून, अगदी मधोमध घालून मागच्या देठातून काढायची. मध्य चुकला की ते फूल लेईत एका अंगाला झुकतं आणि पुढची दहा फुलं त्याच्या मागे जातात. आठ-दहा फुलं सुईवर जमली की सगळी मिळून दोऱ्यावर सरकवा. ओढायचं नाही, ढकलायचं. देठाकडून धरून ढकललं तर पाकळीला बोट लागत नाही. चाफ्याच्या बाबतीत हे जास्तच खरं, चाफ्याला जिथे बोट दाबलं तिथे तासाभरात तपकिरी ठसा उमटतो.

किती दाबून बसवायची हा खरा प्रश्न. फार दाटली तर देठ चिरतात आणि लेई काठीसारखी ताठ राहते. सैल ठेवली तर संध्याकाळी फुलं आकसून दोरा दिसतो. लेई उचलून मधून धरा. ती दोन्हीकडे सहज लोंबली आणि तरी दोरा दिसला नाही, की बेतशीर झाली.

ठेवायची ती ओलसर कागदी रुमालात, झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. मागच्या भिंतीला चिकटवू नका, ऑर्किडला जास्त गारठा बाधतो आणि पाकळ्या पाण्यासारख्या पारदर्शक होतात.

हिवाळ्यात फुलं महाग असली तर टी-लीफची हिलो करा. आठ-दहा पानं, मधली जाड शीर सुरीनं सोडवून काढा, पट्ट्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये. गोठल्यानं पेशी फुटतात आणि पान कापडासारखं लवचिक होतं. न गोठवता पिळलं तर मधोमध चिरतं. दोन पट्ट्यांची टोकं बांधून पायाच्या अंगठ्यात किंवा खुर्चीला अडकवा. प्रत्येक पदर उजवीकडे पिळायचा आणि मग दोन्ही पदर एकमेकांवर डावीकडे टाकायचे. सुंभ वळतात तसंच. दोन्ही पीळ एकाच दिशेला दिले की सोडल्याबरोबर सगळं उलगडतं, बहुतेकांची चूक इथेच होते. पट्टी संपायच्या दोन-तीन इंच आधी नवी घाला, आणि दोन्ही पदरांत एकाच जागी जोड येऊ देऊ नका. ही लेई वाळली तरी छान दिसते, वर्षभर दारावर राहते.

पागोळी

सुईदोरा, उत्तम. एक जोड देते. हवाईत १ मे हा लेई दिन, पहिला १९२८ साली झाला. आपला महाराष्ट्र दिनही त्याच तारखेला. मंडळाच्या कार्यक्रमात पाहुण्यांना शाल-श्रीफळाबरोबर हातानं ओवलेली लेई द्यायला याहून चांगला दिवस नाही. लेई घालताना ती मानेवरून मागे-पुढे सारखी सोडायची, हारासारखी नुसती पुढे नाही. देणाऱ्यासमोर काढून ठेवत नाहीत. गरोदर बाईला बंद गोल लेई घालत नाहीत, दोन टोकं मोकळी असलेली देतात.

अळूचं फदफदं

स्वयंपाकाचं मी घेतो.

हवाईचं मुख्य अन्न कालो, म्हणजे आपलं अळूच. एकच वनस्पती, आपण पानं जास्त खातो, ते कंद जास्त. तिथल्या समजुतीत कालो हा माणसाचा थोरला भाऊ, हालोआ. 'लूआउ' या शब्दाचा पहिला अर्थ अळूचं कोवळं पान असाच आहे. ते ज्या जेवणावळीत असायचं त्या जेवणावळीलाच पुढे ते नाव पडलं.

पोई म्हणजे कंद शिजवून कुटून केलेली लापशी. तिच्यासाठी भारतीय दुकानातल्या छोट्या अळकुड्या घेऊ नका, त्या बुळबुळीत आणि पाणचट होतात. आशियाई दुकानात मिळणारा नारळाएवढा, आत जांभळे धागे असलेला कंद घ्या. दोन पौंड कंद सालीसकट मोठे तुकडे करून कुकरमध्ये ४० ते ४५ मिनिटं. सुरी लोण्यात जावी तशी गेली पाहिजे. साल मऊ झाली की बोटानं निघते. गरम असतानाच पाट्यावर किंवा जड खलबत्त्यात कुटा. पाणी एकदम घालू नका, हात ओला करून दर वेळी चमचाभर. असा जेमतेम पाण्यात कुटलेला घट्ट गोळा म्हणजे 'पाइ आइ', तो फ्रिजमध्ये टिकतो. त्यात पाणी कालवलं की पोई. दाटपणा बोटांवर मोजतात: एका बोटावर उचलली जाते ती सर्वांत घट्ट, तीन बोटं लागतात ती पातळ. मिक्सरमध्ये फिरवली तर डिंकासारखी तार सुटते, म्हणून कुटणंच बरं. ताजी पोई गोडसर. बाहेर दोन-तीन दिवस ठेवली की इडलीच्या पिठासारखी आंबते, आणि तिथल्या बऱ्याच लोकांना तीच आवडते. वर पाण्याचा पातळ थर ठेवा म्हणजे साय धरत नाही.

खाजेबद्दल: अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात, घसा त्यानं खवखवतो. आपण चिंच किंवा आमसूल घालतो. हवाईत आंबट घालत नाहीत, तिथे सगळी भिस्त लांब शिजवण्यावर. पानं कमीत कमी पाऊण ते एक तास उकळायची. लाउलाउ, म्हणजे अळूच्या पानांत सारण बांधलेली पुडी, तर तीन-चार तास वाफवतात. शाकाहारी लाउलाउ असं: अळूची ५-६ पानं एकावर एक, देठ सोलून, मध्ये रताळ्याचे मोठे तुकडे, कांदा, खडं मीठ, दोन चमचे घट्ट नारळाचं दूध, पुडी बांधायची आणि वरून शीर काढलेली टी-लीफची पानं गुंडाळायची. बाहेरचं टी-लीफ खायचं नाही, ते फक्त पानगीच्या पानासारखं वास देतं. शोभेच्या कुंडीतलं फवारलेलं पान इथे वापरू नका.

पोके, म्हणजे कच्च्या माशाचे मीठ-तेल लावलेले तुकडे, करणाऱ्यांसाठी थोडक्यात. एक पौंड आही (टूना मासा), कच्चं खाण्यासाठी म्हणून विकलेलं. पाऊण इंची तुकडे, अर्धा चमचा खडं मीठ, एक मोठा चमचा इनामोना, थोडं लिमू शेवाळ, चमचाभर तिळाचं तेल. त्याच दिवशी संपवा. इनामोना म्हणजे भाजून कुटलेले कुकुइचे दाणे, आपला जंगली अक्रोड. कच्चा कुकुइ पोट बिघडवतो, म्हणून मिळाला तर भाजलेलाच घ्या, नाहीतर भाजलेले मॅकाडेमिया कुटून घाला. तांबडं 'आलाएआ' मीठ घेताना पाकिटावर ते कुठे वाळवलं आहे ते वाचा. 'हवाईयन' हा शब्द पुरेसा नाही. कॉफीचंही तसंच, 'कोना ब्लेंड'मध्ये हवाईच्या कोना भागातली कॉफी दहा टक्केच असू शकते. शंभर टक्के लिहिलेलीच घ्या.

खर्ज

उकुलेलेबद्दल कुणी लिहिलं नाही. मदेइरा बेटांवरचे पोर्तुगीज मजूर १८७९ साली 'रेवन्सक्रॅग' जहाजातून होनोलुलूला उतरले, त्यांच्या छोट्या गिटारीतून हे वाद्य घडलं. चार तारा: जी, सी, ई, ए. सी ला सा धरला तर प, सा, ग, ध. गंमत ही की पहिली ऐकू येणारी प ची तार खर्जात नसून मध्य सप्तकातच आहे, सा आणि ग दोन्हींपेक्षा उंच. त्यामुळेच तो झुळझुळता आवाज येतो. ज्यांचे कान तंबोऱ्यावर तयार झालेत ते ही तार चुकून एक सप्तक खाली लावायला जातात आणि ती लोंबते.

नव्या नायलॉन तारा आठ-दहा दिवस ताणत राहतात, रोज लावाव्या लागतात. वाद्य खराब नाही. स्टीलच्या तारा कधीही बसवू नका, घोडी उपटून येते.

कोआ या हवाईच्या झाडाच्या लाकडाचं घन वाद्य असेल तर हवेतला ओलावा ४५ ते ५५ टक्के हवा. हीटर चालू असताना घरात तो २० पर्यंत उतरतो. आधी पडद्यांची टोकं बोटाला टोचायला लागतात, कारण पट्टी आकसते आणि धातू बाहेर येतो. ही पहिली सूचना. पुढे वाद्याची वरची फळी खचते, मग चीर. पेटीत ठेवा, सोबत ओलावा देणारी कांडी आणि १० डॉलरचा हायग्रोमीटर (ओलावा मोजणारं यंत्र). बाहेरच्या भिंतीवर किंवा हीटरच्या जाळीवर टांगू नका. लॅमिनेटचं वाद्य हे सगळं सोसतं, शिकायला आणि थंड घरात तेच बरं.

लाउहालाच्या चटयांनाही हाच नियम. हाला म्हणजे आपल्या केवड्याच्याच कुळातलं झाड, काटे काढून पानांच्या पट्ट्या विणतात. कोरड्या हवेत त्या कडकडीत होऊन दुमडीवर तुटतात. महिन्यातून एकदा पिळलेल्या फडक्यानं पुसा, गुंडाळून ठेवा पण घडी घालू नका, चाकाच्या खुर्चीखाली नको, थेट उन्हातही नको. बुरशी दिसली तर सावलीत पंख्याखाली वाळवा.

वळचण

भिंतीसाठी: हवाईची क्विल्ट. एकच कापड आठ पदरी दुमडून नक्षी कापतात, उलगडून पांढऱ्यावर टाचतात, आणि मग नक्षीच्या कडेपासून अर्ध्या-अर्ध्या इंचावर टाक्यांच्या लाटा बाहेर नेतात. गोधडीचा हात असेल तर धावदोरा तोच, फक्त ओळी सरळ नाहीत. पहिली नक्षी फणसाच्या भावंडाची, 'उलू'ची घ्या. आधी १८ इंची उशी करून बघा. कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर लाल रंग पांढऱ्यावर उतरतो.

गारठा

गोडाचं राहिलं. हाउपिया, म्हणजे नारळाच्या दुधाची वडी, कापली की वड्या पाणी सोडतात. मका-पीठ कमी पडतं का?

अळूचं फदफदं

पीठ कमी नाही, शिजवणं कमी पडतं. प्रमाण असं ठेवा: पूर्ण मेदाचं नारळाचं दूध एक डबा (४०० मिली), पाणी एक कप, साखर अर्धा कप, कॉर्नस्टार्च ६ सपाट टेबलस्पून, चिमूटभर मीठ. स्टार्च त्यातल्याच गार पाण्यात पूर्ण कालवून घ्या. गरम दुधात कोरडा टाकला की गुठळ्या, त्या नंतर गाळूनही जात नाहीत. दूध आणि साखर मध्यम आचेवर कडेला बुडबुडे येईपर्यंत, मग कालवण पुन्हा ढवळून बारीक धारेनं आत. घट्ट झालं की लोक लगेच उतरवतात, तिथेच चुकतं. दाट झाल्यावर मंद आचेवर आणखी तीन-चार मिनिटं घोटा. मिश्रण पांढरं अपारदर्शक असतं ते किंचित चकचकीत होतं, उलथनं फिरवलं की तळ दिसतो आणि लगेच मिटत नाही. आच मोठी ठेवली तर नारळाचं तेल सुटतं, म्हणून घाई नको.

आठ इंची चौकोनी भांडं पाण्यानं ओलं करून त्यात ओता, पुसू नका, म्हणजे वड्या सुटतात. खोलीत गार झाल्यावर वरून कागद चिकटवून फ्रिजमध्ये तीन तास. फ्रीझरमध्ये ठेवली तर वितळताना पाणी सुटणारच, त्याला इलाज नाही. मूळ हाउपिया 'पिया' नावाच्या कंदाच्या सत्त्वाची, आपल्या कोकणातल्या तवकिरीच्या वडीसारखी. तवकीर मिळाली तर कॉर्नस्टार्चच्या जागी घालून बघा, वडी जास्त नितळ येते. पण तवकीर लवकर चिकटते, जाड बुडाचं पातेलं घ्या आणि हात थांबवू नका.